वीस बांगडे

दसरा सरल्यावरची वीज. गडगडाट नाही,
एकच टाळी,
आणि रिवणच्या शाळेत, आमच्या लॅबमध्ये,
वीस डिस्का एकदम मुक्या.
सर्व्हर तेवढा वाचला. तो कपाटात होता,
खडूच्या खोक्यांमागे, यूपीएसला धरून.

शनिवारी मडगावहून नव्या डिस्का आल्या.
सुकांती वेळीप, दहावी अ, पेचकस घेऊन खाली बसली.
कुष्टा शिपायानं स्क्रू ठेवायला करवंटी आणून दिली.

कोरं यंत्र सुरू होतं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं,
आपण यंत्र आहोत हेही.
ते तारेत हाक मारतं: कुणी आहात का?
हाक सगळ्यांना जाते, ओ एकटा सर्व्हर देतो:
हा घे तुझा नंबर, ही घे पहिली फाइल, बस इथे.
मी सुकांतीला म्हटलं, बघ.
ती म्हणाली, टीचर, पहिलीत माझं असंच झालेलं.

इमेज एकच होती. मार्चमध्ये बांगडोवरून काढलेली.
(यंत्रांना माशांची नावं. सातवीनं ठेवलेली.
तारलो, मुड्डशी, शेवटो, पेडवो.
नंबरांनी हाक मारू नका, असं मीच म्हटलं होतं.)
लिनक्स वीस पडद्यांवर एका पावलानं चढू लागलं,
टक्का टक्का.
तेरावं बासष्टवर अडलं. तार उंदरानं कुरतडलेली.
नवी क्लिप दाबली. पुन्हा शून्य.

चार वाजता सगळी उठली.
मी एकेकाला नाव विचारलं.
बांगडो.
बांगडो.
शेवटच्या बाकापर्यंत
बांगडो.
सुकांती हसत सुटली, मग मीही,
मग कुष्टा, त्याला काय झालं ते न कळताच.

नावं एकेक करून परत दिली.
अकराव्याचं मात्र कुणाला आठवेना.
सुकांतीनं त्याच्या कळफलकावर बोटं ठेवली, डोळे मिटले.
लेपो, म्हणाली. हा दत्तेशचा.
दत्तेशच्या पप्पांचा ट्रक खाणीवर होता;
ट्रक विकला, जुलैत घर वेर्ण्याला गेलं.

मग मुलांच्या फायली.
त्यांची प्रत रोज रात्री अकराला निघावी
अशी मीच लावून ठेवली होती. नेट तेव्हा मोकळं असतं.
शेवटची प्रत: चौदा जून.
चौदा जूनला काय झालं?
पंधराला कुष्टा आमच्या शाळेत बदलून आला.
संध्याकाळी सहाला मेन बंद,
वीज वाचवा असं परिपत्रकच होतं त्याच्या खिशात.
चार महिने मी त्या नोंदी उघडल्या नव्हत्या.
त्याला काय म्हणू?

तर दत्तेश पूर्ण परत आला,
ट्रकची सगळी चित्रं, एकाला तर सात चाकं.
आणि सुकांतीची यादी गेली.
वडिलांना विचारून विचारून टाइप केलेली
रानातल्या अळम्यांची नावं, कुठली खायची,
कुठलीला हात लावायचा नाही. एकोणचाळीस.
मी बोलायला शब्द शोधत होते.
ती म्हणाली, पप्पा आहेत ना टीचर. परत विचारीन.

प्रत आणि परत यांत एका अ-चं अंतर.
तो अ मी कधी तपासलाच नव्हता.

आता प्रत दुपारी साडेबाराला निघते,
मुलं डबे उघडतात तेव्हा.
यंत्रं जड होतात. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.
सोमवारी मी माझी हजेरीची फाइल मुद्दाम पुसली,
छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू,
आणि परत आणली. उघडली.
ओळ न् ओळ वाचली, गैरहजरांसकट.

यादी पुन्हा चौदावर आली आहे.
दत्तेशचं खातं मी अजून काढलेलं नाही.
दारात कुष्टा, किल्ल्यांचा जुडगा वाजवत:
टीचर, सहा झाले.
आता मेन बंद केला तर चालेल?